बँक परीक्षेचं इंग्लिश: रोज 4 पॅसेज सोडवूनही मार्क तिथेच का अडकतात

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडते, म्हणजे मी नीट समजले की नाही तेही कळेल. तू मराठी मीडियमची, बी.कॉम. झालेली, सरकारी बँकांच्या भरतीसाठीच्या आयबीपीएस क्लार्कची प्रिलिम्स, म्हणजे पहिली परीक्षा, दोनदा दिलीस आणि दोन्ही वेळा रीझनिंग आणि मॅथ्स निघालं पण इंग्लिशच्या सेक्शनल कटऑफला, म्हणजे त्या एका विभागात लागणाऱ्या किमान मार्कांना, अडकलीस. गेले 6 महिने रोज 4 पॅसेज, म्हणजे उतारे आणि त्यावरचे प्रश्न, सोडवतेस, एरर स्पॉटिंगचे, म्हणजे वाक्यातली चूक ओळखायचे, 100 नियम लिहून पाठ केलेत, मॉक टेस्टमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, 25 च्या आसपास अटेम्प्ट, म्हणजे उत्तर दिलेले प्रश्न, असतात, आणि मार्क 30 पैकी 10 च्या वर सरकत नाहीत. परीक्षेला 10 आठवडे आहेत आणि तू विचारलंयस की आता रोज 4 चे 6 पॅसेज करू का, आणि ग्रामरचं कुठलं पुस्तक घेऊ.

वयाने लहान दिसतेस म्हणून तू म्हणतेय. मी स्वतः काही वर्षं बँकेत क्लार्क होते, आता 13 वर्षं झाली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्लिश शिकवते, आणि त्यातली बहुतेक मुलं तुझ्यासारखीच, म्हणजे दहावी-बारावी मराठीतून, घरात इंग्लिश पेपर नाही, डोकं चांगलं पण इंग्लिश म्हटलं की पोटात गोळा. तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर आधीच देऊन टाकते, 6 पॅसेज करू नकोस, उलट 4 चा 1 कर. आणि नवीन पुस्तक घेऊ नकोस. का ते सविस्तर सांगते.

तू दिलेले आकडे घेऊ. 25 अटेम्प्ट आणि 10 मार्क. प्रत्येक चुकीला पाव मार्क जातो, म्हणजे हिशोब केला तर तुझे 13 बरोबर आणि 12 चूक येतायत. 12 चुकांचे 3 मार्क गेले म्हणून 13 चे 10 झाले. आता या 12 चुकांपैकी 8 जरी नुसत्या अंदाजाने ठोकलेल्या असतील आणि ते प्रश्न तू सोडून दिले असतेस तर काहीही जास्त न शिकता 12 मार्क झाले असते. मला यातून दिसतं ते असं की तुझा स्पीड वाईट नाही, 20 मिनिटांत 25 प्रश्नांपर्यंत पोचतेस, पण जवळजवळ अर्धी उत्तरं चुकतायत आणि का चुकलं हे तुला कळत नाहीये. म्हणजे खरा प्रश्न सराव कमी पडतोय हा नाहीच. तू रोज 4 पॅसेज सोडवतेस, उत्तरं तपासतेस, 10 पैकी 5 आले की वाईट वाटतं, पान उलटतेस, पुढचा पॅसेज. याला मी टेस्ट देणं म्हणते. 6 महिने तू रोज 4 टेस्ट दिल्यास आणि सराव केलाच नाहीस. सराव सुरू होतो तो उत्तरं तपासून झाल्यावर, त्या चुकलेल्या 5 प्रश्नांकडे परत गेल्यावर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. सेक्शनल कटऑफ दर वर्षी बदलतो, एकूण कटऑफ राज्यानुसार वेगळा लागतो, त्यामुळे इतके मार्क आले की झालं असं मी सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वासही ठेवू नकोस. दुसरं, मी खाली जे सांगतेय ते तुझी अडचण समजण्यात आहे असं धरून. ती खरंच तिथे आहे का हे आधी तपास. उद्या एक न सोडवलेला पॅसेज घे, घड्याळ लावून 8 मिनिटांत सोडव, उत्तरं पेनाने मार्क कर. उत्तरं तपासू नकोस. मग चहा घे, परत बस, तोच पॅसेज घड्याळाशिवाय सोडव, हवा तेवढा वेळ घे, उत्तरं पेन्सिलने मार्क कर. मग दोन्ही तपास. पेनाने 4 आणि पेन्सिलने 8 आले तर तुला समजतंय, घाईत सुटतंय, आणि तुला थोडा वेळ-नियोजनाचा सराव पुरेल. पेनाने 4 आणि पेन्सिलनेही 4-5 च आले तर अडचण वाचण्यातच आहे. एकाच पॅसेजवर भरवसा ठेवू नकोस, 3 दिवस 3 पॅसेजवर कर. माझ्या वर्गात बहुतेकांची अडचण दुसरी निघते पण सगळ्यांना वाटत असतं की पहिली आहे, म्हणून ती मुलं स्पीड रीडिंगच्या मागे लागतात आणि न समजलेलं आणखी जोरात वाचायला शिकतात.

आता वाचण्याबद्दल. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय कारण ही गोष्ट मराठी मीडियमच्या मुलांना कोणी नीट सांगत नाही. आपण इंग्लिश वाक्य शब्दाला शब्द लावून मनात मराठी करत जातो. छोट्या वाक्यात ते चालतं. पण पॅसेजमधलं वाक्य 30-35 शब्दांचं असतं आणि त्याची रचना मराठीच्या उलटी असते. मराठीत ज्याच्याबद्दल बोलायचं त्याची सगळी माहिती आधी येते आणि क्रियापद शेवटी. इंग्लिशमध्ये नाव आधी येतं, माहिती त्याच्या मागे शेपटासारखी लागते, आणि क्रियापद मधेच कुठेतरी दडलेलं असतं. मी वर्गात फळ्यावर हे वाक्य लिहिते, माझंच बनवलेलं आहे: द वेव्हर, अनाउन्स्ड टू हेल्प फार्मर्स हू हॅड बॉरोड फ्रॉम कोऑपरेटिव्ह बँक्स, हॅज, फार फ्रॉम एंडिंग देअर डिस्ट्रेस, मिअरली पोस्टपोन्ड इट. आता हे मराठीत कसं येतं बघ: सहकारी बँकांकडून कर्ज घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मदतीसाठी जाहीर केलेल्या माफीने त्यांचं संकट संपवलं तर नाहीच, फक्त पुढे ढकललं. म्हणजे इंग्लिशमध्ये पहिला शब्द वेव्हर, मराठीत तो अर्ध्या वाक्यानंतर. डावीकडून उजवीकडे शब्द बदलत गेलीस तर वेव्हर, हेल्प, फार्मर्स, बँक्स, एंडिंग, डिस्ट्रेस एवढे ओळखीचे शब्द डोक्यात राहतात आणि मन आपोआप एक सोपी गोष्ट जुळवतं की माफीमुळे शेतकऱ्यांचं संकट संपलं. नेमकं उलटं! आणि गंमत नाही ही, तो ऑप्शन पेपरमध्ये तिथेच असतो, कारण पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की घाईत वाचणारा इथेच येणार.

म्हणून माझ्याकडे पहिले दोन आठवडे मुलं एकच काम करतात. लांब वाक्य आलं की आधी मुख्य क्रियापद शोधायचं आणि त्याखाली रेघ मारायची, मग ते कोणाचं आहे ते शोधायचं. इथे हॅज पोस्टपोन्ड, कोणी, द वेव्हरने. झालं, हा वाक्याचा कणा. वेव्हरने पुढे ढकललं. काय ढकललं, डिस्ट्रेस. बाकी अनाउन्स्डपासून बँक्सपर्यंतचं सगळं शेपूट, ते कुठली माफी एवढंच सांगतं. दोन स्वल्पविरामांमधला भाग पहिल्या वाचनात बोटाने झाकून टाक, मी खरंच झाकायला लावते, कागदावर. परीक्षा कॉम्प्युटरवर असते तिथे बोट लावता येत नाही पण तोपर्यंत डोळ्याला सवय झालेली असते. आणि फार फ्रॉम, हार्डली, बेअरली, मिअरली, अनलेस, लेस्ट, हाऊएव्हर, नेव्हरदलेस, डिस्पाइट, असे शब्द दिसले की थांबायचं, कारण इथे वाक्य वळण घेतं. अवघड शब्दांपेक्षा हे छोटे शब्द जास्त मार्क खातात. एखादा मोठा शब्द नाही कळला तर अंदाज येतो, हार्डली चुकला तर अर्थ पूर्ण फिरतो.

यानंतर प्रत्येक परिच्छेद झाला की बाजूला मराठीत एक ओळ लिहायची. हो, मराठीत. इंग्लिशमध्येच विचार करा असा सल्ला तुला सगळीकडे मिळाला असेल. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाला इंग्लिशमध्ये एक वाक्य बनवायला 2 मिनिटं लागतात तो इंग्लिशमध्ये सारांश लिहायला बसला की पॅसेजमधलंच एक वाक्य उचलून लिहितो, आणि त्याला वाटतं समजलं. मराठीत लिहायला लागलं की लपता येत नाही. समजलं असेल तर ओळ येते, नसेल तर पेन थांबतं, आणि कुठे थांबलं तिथेच तुझी अडचण आहे. ओळ माहितीची नको, लेखक काय करतोय याची हवी. कर्जमाफीबद्दल आहे, ही ओळ बिनकामाची. माफीने प्रश्न सुटत नाही असं म्हणतोय आणि कारण देतोय, ही कामाची. 4 परिच्छेदांच्या 4 ओळी झाल्या की त्या सलग वाच, मेन थीमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. महिनाभराने ओळ लिहायची गरज राहत नाही, ती मनात तयार होते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, चुकलेला प्रश्न. तुझा 1 पॅसेज साधारण 8-10 मिनिटांत सोडवून होईल, पण त्याच्यावर पुढची 40 मिनिटं बसायचंय. म्हणूनच 4 चा 1 कर म्हटलं. चुकलेल्या प्रश्नात बरोबर उत्तर काय हे पाहून पुढे जायचं नाही. मी निवडलेला ऑप्शन कशामुळे चूक आहे हे एका ओळीत लिहायचं, आणि बरोबर ऑप्शन पॅसेजच्या कुठल्या वाक्यातून येतो त्या वाक्याखाली रेघ मारायची. रेघ मारायला वाक्य सापडलं नाही तर प्रश्न अजून सुटलेला नाही. हे करत गेलीस की पंधरा दिवसांत तुला दिसेल की चुकीच्या ऑप्शनचे प्रकार ठरलेले आहेत. वरचंच वाक्य घे. माफीमुळे संकट संपलं, हा उलटा ऑप्शन. सहकारी बँकांमुळे शेतकरी संकटात आले, हा पॅसेजमधलेच शब्द घेऊन नसलेला संबंध जोडणारा ऑप्शन, यात सगळ्यात जास्त मुलं जातात कारण शब्द ओळखीचे दिसतात. कर्जमाफी कधीच देऊ नये, हा ताणलेला ऑप्शन, लेखक टीका करतोय पण एवढं टोकाचं म्हणालेला नाही, ओन्ली, ऑल, नेव्हर, ऑलवेज असे शब्द असले की दोनदा बघायचं. आणि चौथा, शेतकऱ्यांना पावसाच्या अनिश्चिततेमुळे त्रास होतो, जगात खरं आहे, आपल्याला तर अगदी घरचं खरं आहे, पण या पॅसेजमध्ये नाही. शेतकरी घरातली मुलं या चौथ्या प्रकारात हमखास चुकतात आणि मला त्यांचं कळतं, पण परीक्षक तुला काय माहीत आहे ते विचारत नाहीये, इथे काय लिहिलंय ते विचारतोय.

माझ्याकडे परभणीकडचा एक मुलगा होता, त्याच्या वहीत मी 3 आठवड्यांनी मोजलं तर 31 चुकांपैकी 14 एकाच प्रकारच्या होत्या, नॉट ट्रू विचारलेलं असताना त्याने ट्रू शोधलेलं. त्याला इंग्लिश येत नव्हतं असं नाही, तो प्रश्न अर्धा वाचून ऑप्शनवर उडी मारत होता. त्याने एवढंच बदललं, प्रश्नातला नॉट दिसला की रफ कागदावर फुली काढायची आणि मगच ऑप्शन बघायचे. बाकी काही नाही. ही चूक 6 काय 60 पॅसेज सोडवून सापडली नसती, ती वही लिहिल्यामुळे सापडली.

वाचायला काय घ्यायचं तेही सांगते. इंग्लिश पेपरचा अग्रलेख रोज वाचा असं सगळे सांगतात, ते चुकीचं नाही पण सुरुवातीला तो अग्रलेख तुला थकवेल आणि तू आठवड्यात सोडून देशील. मी वेगळं करायला लावते. सरकारची पत्र सूचना कार्यालय म्हणजे पीआयबी, त्यांच्या साईटवर बरीच प्रसिद्धिपत्रकं इंग्लिशमध्ये असतात आणि त्यातल्या अनेकांचं मराठी पण असतं. बँकिंग, शेती, उद्योग, योजना असल्या विषयांचं एक पत्रक निवड, आधी इंग्लिश वाच, 3-4 ओळींत मराठीत लिही काय म्हटलंय, आणि मग त्यांचं मराठी उघडून ताडून बघ. फुकट आहे, तपासायला सर लागत नाही, आणि बँकेच्या पेपरला लागणारी शब्दसंपत्ती आपोआप डोळ्यासमोरून जाते. त्यातलं मराठी कधीकधी फार सरकारी असतं, ते सोड, अर्थ जुळतो का बघ. महिनाभर हे जमलं की मग अग्रलेखाकडे जा, रोज नाही, आठवड्यातून 3.

व्होकॅबबद्दल फार बोलत नाही. रोज 50 शब्दांच्या याद्या बंद कर. त्या दिवशीच्या पॅसेजमध्ये जे 5-6 शब्द अडले ते त्या वाक्यासकट लिही. वाक्याशिवाय लिहिलेला शब्द मला तरी कधी मुलांच्या लक्षात राहिलेला दिसला नाही.

आता दुसरा अर्धा भाग, वाक्य सुधारण्याचे प्रश्न, एरर स्पॉटिंग, सेन्टेन्स इम्प्रूव्हमेंट, फिलर्स म्हणजे रिकाम्या जागा वगैरे. तुझं वाक्य होतं की नियम विचारला तर सांगता येतो पण पेपरमध्ये चूक दिसत नाही. अगदी बरोबर निरीक्षण आहे तुझं. चूक दिसत नाही कारण ती चूक तुझ्या कानाला बरोबर वाटते. आणि बरोबर का वाटते, तर ती मराठीत बरोबर आहे! 100 नियमांची यादी सगळ्या देशासाठी लिहिलेली असते, पण तुझ्या चुका सगळ्या देशाच्या नाहीत, त्या मराठीतून आलेल्या आहेत, आणि त्या मोजक्या आहेत. थोड्या सांगते.

तो येत नाही तोपर्यंत थांब, असं आपण म्हणतो. म्हणून वेट अनटिल ही डझ नॉट कम हे वाक्य आपल्याला खटकत नाही. इंग्लिशमध्ये अनटिलच्या पोटात तो नकार आधीच आहे, अनटिल ही कम्स. अनलेसचं तेच. जरी-तरी आपल्याकडे जोडीने येतात म्हणून ऑल्दो लिहिलं की पुढे बट लिहावंसं वाटतंच, आणि कारण-म्हणून जोडीने येतात म्हणून बिकॉजनंतर सो. इंग्लिशला दोघांतला एकच पुरतो. मी 2 वर्षांपासून इथे काम करतेय, यात करतेय हा वर्तमानकाळ आहे, म्हणून आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स आपल्याला गोड लागतं, पाहिजे हॅव बीन वर्किंग आणि फॉर. तो कुठे राहतो हा प्रश्न आणि तो कुठे राहतो ते मला माहीत नाही, मराठीत तो कुठे राहतो चा क्रम दोन्हीकडे तोच, म्हणून आपण आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह लिहितो. इंग्लिशमध्ये प्रश्न वाक्याच्या आत शिरला की त्याचा क्रम सरळ होतो, व्हेअर ही लिव्ह्ज.

मग आपला पेक्षा. चहापेक्षा कॉफी आवडते, माझ्यापेक्षा सीनियर, सगळीकडे एकच शब्द, म्हणून सगळीकडे दॅन. पण प्रिफर, सीनियर, ज्युनियर, सुपीरियर यांना टू लागतो. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो म्हणून डिस्कस्ड अबाउट, त्यातला अबाउट नको. आपण कोणाशी लग्न करतो म्हणून मॅरीड विथ, पाहिजे मॅरीड टू. सल्ल्याचं सल्ले होतं, बातमीचं बातम्या होतं, केस तर आपल्याकडे कायम अनेकवचनीच, त्याचे केस पांढरे झाले. म्हणून ॲडव्हायसेस, न्यूज आर, हिज हेअर हॅव टर्न्ड ग्रे हे सगळं डोळ्याखालून निसटतं. आणि ए, ॲन, द ही सोय मराठीत नाहीच, त्यामुळे द नसला तरी जागा रिकामी वाटत नाही. हे आर्टिकलचं शेवटपर्यंत थोडं राहतं, माझ्या चांगल्या मुलांचंही राहतं, त्याच्यावर फार जीव काढू नकोस.

सगळ्यात जास्त मार्क मात्र कर्ता-क्रियापदाच्या मेळात जातात. द क्वालिटी ऑफ द लोन्स गिव्हन टू स्मॉल ट्रेडर्स हॅव इम्प्रूव्ह्ड. ट्रेडर्सच्या शेजारी हॅव आहे म्हणून शोभून दिसतं. शिवाय मराठीत आपण तिने आंबे खाल्ले, तिने पोळी खाल्ली असं क्रियापद कर्माप्रमाणे फिरवतो, त्यामुळे कर्ता कोण हे हुडकायची सवय कमी. इथे तेच कर जे पॅसेजमध्ये करतेस, क्रियापदाखाली रेघ आणि ते कोणाचं. इम्प्रूव्ह काय झालं, क्वालिटी. मग हॅज. वन ऑफ द बँक्स, अ नंबर ऑफ, द नंबर ऑफ, अलाँग विथ, या सगळ्यांना वेगळे नियम म्हणून पाठ करायची गरज उरत नाही, खरा कर्ता सापडला की झालं. म्हणून मी कॉम्प्रिहेन्शन आणि ग्रामर वेगवेगळ्या दिवशी शिकवत नाही. आदल्या दिवशी ज्या पॅसेजवर 40 मिनिटं बसलो त्याच पॅसेजची 5 वाक्यं दुसऱ्या दिवशी एररसाठी वापरतो.

ते कसं करायचं सांगते, हा माझा आवडता सराव आहे. त्या पॅसेजमधली 5 बरोबर वाक्यं घे आणि प्रत्येकात तूच एक चूक घाल, पेपर काढणारी तू. पण चूक अशी पाहिजे की तुझ्या मैत्रिणीला दिसणार नाही. कर्ता-क्रियापद लांब आहेत तिथे एस काढ, अनटिल आहे तिथे नॉट घुसव. मैत्रीण असेल तर वही बदला, नसेल तर वही 4 दिवस बंद ठेव आणि मग स्वतःच शोध. चूक कुठे लपवता येते हे कळलं की ती कुठे लपलेली असते तेही कळायला लागतं. आणि याच्या जोडीला रोज झोपायच्या आधी इंग्लिशमध्ये 6 ओळी लिही, दिवसभरात काय झालं, साधं. त्या दिवशी तपासू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी परक्याचं समजून वाच आणि लाल पेनाने दुरुस्त कर. आज लिहिलेलं आज बरोबरच वाटतं, रात्र मधे गेली की खटकायला लागतं. दुरुस्त केलेली चूक एका वेगळ्या वहीत 2 रकान्यांत, डावीकडे मी काय लिहिलं, उजवीकडे माझ्या मराठीने मला काय सांगितलं. तुझी ही वही 20-25 प्रकारांच्या पुढे जाणार नाही बघ, आणि तेच तुझं ग्रामरचं पुस्तक. रिव्हिजन म्हणजे ही वही. 100 नियमांची यादी परत परत वाचणं नाही, कारण त्यातले 70 तुला येतातच.

पॅरा जंबल्सना, म्हणजे उलटसुलट दिलेली वाक्यं क्रमाने लावायच्या प्रश्नांना थोडक्यात, पहिलं वाक्य शोधत बसू नकोस, जोड्या शोध. दिस, सच, ही, दीज असे शब्द ज्या वाक्यात आहेत ते सहसा पहिलं येत नाही, त्याच्या आधी कोणीतरी आलेलं असतं, तो कोण ते बघ. दोन पक्क्या जोड्या मिळाल्या की ऑप्शन स्वतःच कमी होतात.

आता पेपरमधली 20 मिनिटं. प्रिलिम्सला इंग्लिशचे 30 प्रश्न, 20 मिनिटं, वेळ संपली की विभाग बंद होतो, उरलेला वेळ दुसरीकडून आणता येत नाही. बाकीचे दोन विभाग तू मराठी निवडून देऊ शकतेस, हा मात्र इंग्लिशमध्येच. पॅसेज आधी की बाकीचे आधी, हे माणसावर आहे. तुझ्यासारख्या, ज्यांना पॅसेज बघून धडधडतं त्यांना मी आधी छोटे प्रश्न करायला सांगते, 11-12 मिनिटांत, आणि 8 मिनिटं पॅसेजला राखून. हातात 9-10 प्रश्न पक्के असले की पॅसेज शांत डोक्याने वाचला जातो. पण दोन्ही पद्धतीने 3-3 मॉक देऊन बघ आणि जिथे चुका कमी तिथे थांब, मार्क जास्त आले त्याच्यावर जाऊ नकोस, एखाद्या मॉकमध्ये अंदाज लागून जातात.

आणि अंदाजाचा हिशोब डोक्यात बसव. 5 ऑप्शन, चुकीला पाव मार्क. काहीच माहीत नसताना 5 प्रश्न ठोकलेस तर सरासरीने 1 बरोबर, 4 चूक, म्हणजे 1 मिळाला 1 गेला, हातात शून्य, आणि वेळ गेला तो वेगळाच. पण 2 ऑप्शन नक्की चूक आहेत असं कारणासकट सांगता येत असेल तर उरलेल्या 3 मधून निवडणं फायद्याचं आहे. म्हणजे नियम सोपा, 2 कारणासकट कापता आले तर मार, नाही तर पुढे जा. वर जी चुकीच्या ऑप्शनची ओळख सांगितली ती इथे पैसे वसूल करते.

10 आठवडे कसे वाटायचे ते तुझ्या बाकीच्या अभ्यासावर आहे, तू नोकरी करतेस की घरी आहेस ते लिहिलेलं नाहीस. रोज दीड तास इंग्लिशला धरून सांगते. पहिले 4 आठवडे घड्याळ नाही, रोज 1 पॅसेज, त्याची चिरफाड, 6 ओळी लेखन, आणि मॉक अजिबात नाही, मोह झाला तरी नाही, कारण कमी मार्क बघून तू परत 6 पॅसेजवर जाशील. पुढचे 3 आठवडे पॅसेजला घड्याळ लाव आणि आठवड्याला 2 सेक्शनल टेस्ट. शेवटचे 3 आठवडे एक दिवसाआड पूर्ण मॉक, मधल्या दिवशी त्या मॉकची चिरफाड. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात असं होईल की अटेम्प्ट 25 वरून 17-18 वर येतील आणि तू घाबरशील. घाबरू नकोस. 17 अटेम्प्ट, 14 बरोबर, 3 चूक म्हणजे सव्वातेरा मार्क, आजच्या तुझ्या 25 अटेम्प्टपेक्षा सव्वातीन जास्त. तिथून मग अटेम्प्ट सावकाश वाढतात. सगळ्यांचे सारखे वाढत नाहीत हेही खरं, काहींना 10 आठवडे पुरत नाहीत, विशेषतः ज्यांना पेन्सिलनेही 3-4 च येतात त्यांना. तसं निघालं तर या वेळची परीक्षा दे, पण याच वहीवर पुढच्या वर्षाचं काम चालू ठेव.

आणि आजची गोष्ट, नवीन पॅसेज शोधायला जाऊ नकोस. 6 महिने रोज 4 म्हणजे 700 च्या आसपास सोडवलेले पॅसेज तुझ्याकडे पडून आहेत. त्यातला मागच्या आठवड्यातला एक काढ, जिथे 10 पैकी 4-5 आले होते. उत्तरं झाक, चुकलेल्या प्रश्नांपुढे तू निवडलेला ऑप्शन का चूक आहे ते मराठीत एकेक ओळ लिही आणि बरोबर उत्तराचं वाक्य पॅसेजमध्ये शोधून रेघ मार. एखाद्या प्रश्नाला रेघ मारायला जागा सापडत नसेल तर तो प्रश्न ऑप्शनसकट इथे टाक, मी रात्री 9 नंतर बघते.